चार नंबरची गाडी आणि वनिता

वनिताची आणि माझी शेवटची भेट पनवेलच्या एका इस्पितळात झाली, दुपारी तीनच्या सुमारास. मूत्रपिंडाच्या दुखण्यानं ती इतकी वाळली होती, की चादरीखाली कुणी आहे हे उशीवरच्या केसांवरूनच कळत होतं. तिची मुलगी प्राजक्ता औषधं आणायला खाली गेली होती. मी स्टुलावर बसलो. मग तिनं डोळे न उघडताच विचारलं, "सर, त्या वळणावर माझी चूक व्हती का हो?"

हा प्रश्न तिनं मला तीस वर्षांत दोनदाच विचारला. पहिल्यांदा मी काय उत्तर दिलं ते पुढे येईलच. या वेळी मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "आता कशाला ते, वनिता. झालं गेलं..." तिनं मान हलवली. माझं उत्तर तिला पटलं होतं की नुसतं ऐकू आलं होतं, कोण जाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी प्राजक्ताचा फोन आला. "सर, आई गेली." मी फोन ठेवला आणि ऐंशी ओलांडलेला माणूस ज्या सावकाशीनं करतो, त्या सावकाशीनं चपला घालायला लागलो. डाव्या पायात उजवी चप्पल घातली आहे हे फाटकापाशी पोहोचल्यावर कळलं.

त्याला आता सहा आठवडे झाले. पनवेल-कळंबोलीतल्या कित्येक बायकांनी वनिताकडून गाडी शिकली आहे. तिच्याविषयी त्या माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. पण ती सोळा वर्षांची असतानाच्या एका हिवाळ्याविषयी फक्त मीच लिहू शकतो. कारण त्या हिवाळ्याचा अहवाल माझ्या सहीचा आहे, आणि तो खोटा आहे.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कळंबोलीच्या पलीकडे नव्या सेक्टरांची आखणी झाली होती. रस्ते झाले होते, रुंद, काँक्रीटचे. दुभाजक होते, दिव्यांचे खांब होते. घरं मात्र नव्हती. प्रत्येक रिकाम्या प्लॉटच्या कोपऱ्यावर नंबर कोरलेला एक दगड, आणि मध्ये गुडघाभर सुकलेलं गवत. खांबांना दिवे नव्हते, थांब्याच्या खुणेखाली कधी बस थांबली नव्हती. माणसं येण्याआधी गाव तयार करून ठेवलेलं... की माणसं उठून गेल्यानंतरचं, हे दुपारच्या वेळी सांगता यायचं नाही. मी तेव्हा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिकचा वर्ग शिकवत होतो. पनवेलच्या काही हौशी मंडळींनी एक मोटर क्लब काढला होता. त्यांना वाटलं, पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी या रिकाम्या रस्त्यांवर शर्यती घ्याव्यात. परवानगी मिळाली. दिवाळी ते होळी, सहा रविवार, सहा शर्यती, गुणांची बेरीज, शेवटी एक कप.

या शर्यतींचं वैशिष्ट्य असं, की आठही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या, एकसारख्या पांढऱ्या. फरक फक्त दारावरच्या आकड्याचा. बापाकडे पैसा आहे म्हणून मुलाची गाडी जोरात पळते, असं इथे होणार नव्हतं. तरीही कुणाला शंका राहू नये म्हणून दर रविवारी गाड्यांच्या चिठ्ठ्या निघायच्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आठ चिठ्ठ्या. नाव पुकारलं की मुलानं हात घालायचा आणि येईल त्या नंबरच्या गाडीत बसायचं. आठही गाड्या सारख्या आहेत असं लिहून देणारा तपासनीस मी होतो. चिठ्ठ्या कापणारा, घड्या घालणाराही मीच.

पहिल्या शर्यतीच्या चार दिवस आधी मी एकेक गाडी एकट्यानं फिरवून पाहत होतो. बुधवार होता, भर दुपार. चार नंबरची गाडी घेऊन मी उजव्या वळणावर आलो आणि माझं लक्ष चुकलं. गाडी डावीकडे गेली आणि पुढचं चाक प्लॉटच्या दगडावर चढलं. मला काही लागलं नाही. मी खाली उतरलो. लांबपर्यंत कुणी नव्हतं; एक चिटपाखरूही नव्हतं. मी गाडी हळूहळू शेडमध्ये आणली, वाकलेला भाग बदलला, पत्रा ठोकून सरळ केला, रंग मारला. मग चाकं एका रेषेत आहेत का हे बघायला मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणला. बोटभर फरक राहिला होता. हळू चालवताना तो जाणवायचा नाही, पण जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. तो फरक काढायचा तर गाडी मुंबईला मोठ्या वर्कशॉपमध्ये पाठवावी लागली असती. म्हणजे क्लबला सांगावं लागलं असतं, की परीक्षा घेणारा स्वतःच नापास झाला. मी कागदावर लिहिलं, 'आठही गाड्या निर्दोष व समान.' आणि सही केली.

शनिवारी संध्याकाळी चिठ्ठ्या करायला बसलो तेव्हा माझा मुलगा सुहास समोर अभ्यास करत होता. तोही त्या आठांतला एक. चार नंबरच्या चिठ्ठीला मी एक घडी जास्त घातली. बोटाला ती जाड लागायची. सुहासला म्हणालो, "जाड लागली तर सोडून दे, दुसरी घे." त्यानं "का?" असं विचारलं. "सांगितलंय तेवढं कर," मी म्हणालो. माझ्या पोराला मी ज्या गाडीत बसू देत नव्हतो, तीच गाडी निर्दोष आहे असं मी लिहून दिलं होतं. हे वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली.

आठजणांत वनिता एकटीच मुलगी. क्लबवाल्यांनी तिला घ्यावं की नाही यावर महिनाभर घोळ घातला, त्यामुळे तिचं नाव यादीत सगळ्यांत शेवटी लागलं आणि चिठ्ठी उचलायची पाळीही शेवटीच आली. तिचे वडील पांडूशेठ. त्यांची शेती याच सेक्टरांखाली गेली होती, आणि मोबदल्यातून त्यांनी कळंबोलीला दोन ट्रक घेतले होते. वडिलांच्या आवारात ट्रक मागेपुढे करता करता वनिता गाडी शिकली. पांडूशेठ पहिल्या रविवारी रस्ता पाहायला आले, चपलेनं काँक्रीट ठोकून पाहिलं आणि मला म्हणाले, "मास्तर, तुमी जिथं उभं हाव ना, ती आमची भातखाचरं. न त्या उजव्या वलनावर इहीर व्हती. बुजवली. पोरीला सांगितलंय मी, आपल्याच शेतान गाडी हाकायची हाय, घाबराचं काय?" मग स्वतःच हसले. वनिता मात्र हसली नाही. ती वळणाकडे बघत होती.

पहिल्या रविवारी सातजणांनी चिठ्ठ्या उचलल्या. डब्यात उरली एक. वनितानं हात घातला, उघडली. चार. दुसऱ्या रविवारी पुन्हा चार. तेव्हा मी मुलांच्या हातांकडे नीट पाहिलं. प्रत्येकाची बोटं डब्यात जरा जास्त वेळ रेंगाळत होती. सुहासनं पहिल्याच रविवारी सकाळी मित्रांना सांगितलं होतं, मित्रांनी एकमेकांना. आता सातहीजणांना जाड चिठ्ठी ठाऊक होती आणि सातहीजण ती सोडत होते. मी ते पाहिलं, आणि तिसऱ्या शनिवारी पुन्हा तशीच घडी घातली. ती गाडी कुणालातरी मिळणारच होती. ती वनिताला मिळते आहे, तिला ट्रक चालवायची सवय आहे, ती सांभाळेल... असं मी स्वतःला सांगत होतो.

तिसऱ्या, चौथ्या खेपेला लोक कुजबुजायला लागले. रस्त्याकडेला बघायला आलेल्या गावच्या बायका म्हणायच्या, "गाडी पोरीला सोडीत नाय." मुलं तिला चिडवायची. "वनिता, तुझी बैलगाडी आली बघ, चारा आणलास का?" ती म्हणायची, "बैलगाडीच्या मागंच ऱ्हातंय ना रं तुमी?" आणि हे खरं होतं. पहिल्या शर्यतीत ती सहावी आली होती. पाचवीत ती दुसरी आली. ती गाडी डावीकडे ओढते हे तिनं पहिल्याच फेरीत ओळखलं होतं. वळणाच्या आधीच्या खांबापाशीच ती ब्रेक मारायची, इतरांपेक्षा खूप आधी, आणि वळणात पाय उचलून गाडी नुसती सोडून द्यायची. तिनं माझ्याकडे तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली, "सर, ही गाडी त्या वळणाकडं बघती." मी म्हणालो, "गाडीला डोळे असतात का?" ती म्हणाली, "नाय. पण बघती."

तुम्हाला सांगतो, मला ते बरं वाटलं. लोक गाडीला झपाटलेली म्हणायला लागले म्हणजे माझ्या घडीकडे कुणी पाहणार नव्हतं. क्लबच्या अध्यक्षांनी हसत विचारलं, "काय हो, चार नंबरवर लिंबू-मिरची बांधायची का?" आणि मी खरोखर बांधली. मशीन शिकवणाऱ्या माणसानं, स्वतःच्या हातानं.

शेवटच्या रविवारी गुणांमध्ये सुहास पहिला होता आणि वनिता त्याच्या एकच गुण मागे. आदल्या संध्याकाळी मला चिठ्ठ्या घडवेनात. शेवटी एकाच कागदाचे पट्टीनं मोजून आठ तुकडे कापले, सगळ्यांना सारख्या घड्या घातल्या आणि दाराच्या फटीत दाबून सारख्या चपट्या केल्या. सकाळी जाहीर केलं, की आज चिठ्ठ्या उलट्या क्रमानं निघतील. वनिता पहिली. मुलांचे चेहरे उतरले. सुहासनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. डब्यात आठ चिठ्ठ्या होत्या. मी डबा हलवला, पुन्हा हलवला. वनितानं हात घातला आणि क्षणभरही न शोधता एक वर काढली.

चार.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आली बघा, सर." त्या आवाजात आश्चर्य नव्हतं. ओळखीचं कुणी दारात आल्यावर म्हणावं तसं ती म्हणाली. बाकीच्या पाच खेपांचा हिशोब मी देऊ शकतो. सहाव्या खेपेचा आजही माझ्याकडे नाही. त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं, की या गाडीत बसू नकोस. मी डबा पुढच्या मुलासमोर धरला. सात मुलं, त्यांचे आईबाप, अध्यक्ष, सगळे उभे होते.

मी निशाण घेऊन त्या वळणावर उभा राहिलो. दहा फेऱ्यांची शर्यत. आठव्या फेरीपर्यंत वनिता सुहासच्या पुढे गेली होती. नवव्या फेरीला ती खांबापाशी आली, नेहमीसारखा ब्रेक मारला, पाय उचलला, गाडी वळणात शिरली. सगळं ठीक होतं. आणि मग वळणाच्या मधोमध, समोर रस्ता मोकळा असताना, तिनं पुन्हा ब्रेक मारला. सगळा जोर लावून. गाडी डावीकडे ओढली गेली, दगडावर आदळली, आणि दाराच्या बाजूवर कलंडून थांबली. मी सगळ्यांत आधी पोहोचलो. तिचा गुडघा स्टिअरिंगखाली अडकला होता, कपाळावरून रक्त येत होतं. तिनं विचारलं, "कुणाला लागलं नाय ना?" मी म्हणालो, "कुणीच नव्हतं ग, वनिता. तू एकटीच होतीस." तिनं माझ्याकडे पाहिलं. अगदी टक लावून पाहिलं... आणि मग डोळे मिटले.

कप सुहासला मिळाला. आठवड्याभरानं मी अहवाल लिहिला, 'गाडीचे ब्रेक तपासले, निर्दोष आढळले. चालिकेने वळणात विनाकारण ब्रेक लावला. चूक चालिकेची.' तो मजकूर तेव्हा या वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत शर्यतीच्या बातमीखाली छापून आला. दक्षिणेत कुठेतरी मोठ्या ट्रॅकवर मुलांना शर्यतीची गाडी चालवायला शिकवत. तिथे वनितानं अर्ज केला होता. तिथून उत्तर आलं, की घाबरून ब्रेक मारणारे चालक आम्ही घेत नाही. गुडघा वाकेनासा झाला होता, हे तिनं स्वीकारलं. घाबरट म्हटलेलं तिनं कधी स्वीकारलं नाही, आणि कुणाशी भांडलीही नाही.

पुढे लग्न झालं, प्राजक्ता झाली, आणि वनितानं मोटर ट्रेनिंग स्कूल काढलं. उद्घाटनाला मला बोलावलं. नारळ मीच फोडला. पेढे वाटून झाल्यावर तिनं मला बाजूला घेतलं आणि पहिल्यांदा तो प्रश्न विचारला. "सर, तुमी तिथंच उभं होता. माझी चूक व्हती का?" तिथे खरं सांगायला काय हरकत होती? वर्षं उलटून गेली होती, क्लब बंद पडला होता. मी म्हणालो, "थोडी तुझीच होती." ती म्हणाली, "बरं." आणि आत जाऊन पाहुण्यांना चहा देऊ लागली. ताठ गुडघा ओढत चालायची तिची ती चाल... एका पायाचा आवाज येई, दुसऱ्याचा येत नसे.

तेराव्यानंतर मी प्राजक्ताकडे गेलो आणि सगळं सांगितलं. दगड, दोरा, घडी, अहवाल. ती स्कूलच्या ऑफिसात बसली होती, समोर लर्निंग लायसन्सचे अर्ज. ऐकता ऐकता ती अर्जांचे कोपरे जुळवत राहिली. शेवटी म्हणाली, "सुहासकाकांना माहीत होतं?" मी म्हणालो, सगळ्या मुलांना माहीत होतं. "म्हणजे आईलाच तेवढं माहीत नव्हतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी तुम्हाला माफ वगैरे करणार नाही, सर. तो माझा हक्क नाही. तुम्ही हे जिथे छापून आलं होतं तिथेच छापा." म्हणून हा लेख.

मी उठलो तेव्हा तिनं खिडकीतून पाहिलं, शिकाऊ गाडी निघत होती. "बसा, तुम्हाला स्टेशनपर्यंत सोडतील," ती म्हणाली, आणि स्वतःही पुढच्या सीटवर येऊन बसली. गाडी चालवायला एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी होती, वनिताच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी शेवटची. मी मागे बसलो. तो रस्ता मी बरीच वर्षं टाळला होता. आता तिथे सात-सात मजली इमारती आहेत, औषधांचं दुकान आहे, बँक आहे, शाळा सुटायची वेळ असल्यानं रिक्षांची गर्दी होती. वळण जवळ आलं तशी मुलीनं खांबापाशी ब्रेक मारला. वळणाच्या मधोमध येऊन तिनं गाडी पूर्ण उभी केली. समोर कुणी नव्हतं. सिग्नल नव्हता, गतिरोधक नव्हता. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

"का थांबलीस ग?" मी विचारलं.

"वनितामॅडमनी शिकवलंय, आजोबा," ती आरशात बघत म्हणाली. "इथे एक बाई पाणी शेंदत असते. तिचं होईपर्यंत थांबायचं."

"कोण बाई?"

"ते नाही माहीत. मी काही बघितली नाही कधी." ती थोडी हसली. "पण त्यांच्याकडे शिकलेल्या सगळ्या इथे थांबतात. रिक्षावाले शिव्या देतात आम्हाला."

प्राजक्ता वळून माझ्याकडे बघत होती. माझा चेहरा कसा झाला होता ते मला सांगता येणार नाही.

वर मी लिहिलं आहे, की त्या बुधवारी माझं लक्ष चुकलं. ते खरं नाही. एवढं सगळं कबूल करायला बसलो तरी ती एक ओळ मी तशीच जाऊ दिली होती, आणि आता ती खोडत नाही. खाली खरं लिहितो. त्या दुपारी वळणाच्या मधोमध एक बाई पाठमोरी उभी होती. काष्टा घातलेलं लुगडं, दोन्ही हात पुढे, दोर ओढताना खांदे खालीवर होतात तसे होत होते. पायाखाली सपाट काँक्रीट. मी सगळा जोर लावून ब्रेक मारला आणि गाडी दगडावर घातली. उतरलो तेव्हा रस्ता रिकामा होता, आणि कोरडा होता. मी हे बायकोलाही सांगितलं नाही. मशीन शिकवणाऱ्या माणसाला भरदिवसा बाई दिसली, हे सांगायचं कुणाला? उन्हाचा भास म्हणून मी ते मिटवलं. आणि नवव्या फेरीला वनितानं मोकळ्या रस्त्यात ब्रेक मारला, कुणाला लागलं नाही ना म्हणून विचारलं, तेव्हा तिनं काय पाहिलं हे त्या रस्त्यावर एकट्या मला कळलं होतं. आणि मी तिला सांगितलं, कुणीच नव्हतं.

वाकड्या गाडीनं तिला दगडावर नेलं, तो दोष माझा. पण तिनं विचारलं होतं ते गाडीविषयी नव्हतं.

वनिता, रस्त्यात बाई होती. मीही पाहिली होती. तू ब्रेक मारलास, ते बरोबर केलंस.